सहा चुलींची खोली



धुराचा इतिहास सांगणारे बहुधा मान वर करून बोलतात. मँचेस्टरची धुराडी, लंडनचे काळे धुके, आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या उंच चिमण्या, हा त्या इतिहासाचा नेहमीचा देखावा. मी आज ज्या धुराविषयी बोलणार आहे तो इतका उंच कधी गेला नाही. तो घराच्या आढ्याला लागला आणि परत खाली आला. बाजेवर निजलेल्या बाळंतिणीच्या आणि तिच्या कुशीतल्या दहा दिवसांच्या मुलाच्या नाकात शिरला. या धुराने डोळ्यांतून पाणी काढले, भिंती काळ्या केल्या, आढ्याला काजळीची जळमटे धरली. तो कोणाला दिसला नाही असे म्हणण्याची सोय नाही. तरीही सरकारी कागदात, वैद्यकाच्या ग्रंथात आणि इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला विसावे शतक बरेचसे सरावे लागले. असे का झाले, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

प्रथम ती खोली पाहू. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना तिचे वर्णन करून सांगायला नको. घरातली सर्वांत आतली, बहुधा बिनखिडकीची, आणि खिडकी असलीच तर ती चिंध्यांनी बुजवलेली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी किंवा गोवऱ्यांचा विस्तव. त्यावर ओवा, शेपा, वेखंड, लसणीची साले यांची धुरी. मुलाला न्हाऊ घातले की त्यालाही धुरी द्यायची. दहा दिवस सोयर आणि पुढे सव्वा महिना बाळंतीण बहुतेक याच हवेत. या रीतीला नुसते अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. आषाढातल्या ओल्या घरात उघडे पडलेले तान्हे मूल किती झपाट्याने गार पडते हे सुईणीला ठाऊक होते, आणि आजचे वैद्यकही नवजात मुलाच्या शत्रूंमध्ये थंडीला वरचे स्थान देते. डास, माश्या, दुर्गंधी यांना दुसरे औषध नव्हते. ऊब हवी होती, आणि उबेबरोबर धूर येत होता.

ही रीत शास्त्राने घालून दिली असे पुष्कळदा सांगितले जाते. शास्त्राचे म्हणणे काय आहे ते पाहावे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात लहान मुलाची खोली कशी असावी याचे विवेचन आहे. ती अंधारी नसावी. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी, असा त्याचा आशय. धूपनही तेथे सांगितले आहे, पण ते मुलाच्या वस्त्रांना आणि अंथरुणा-पांघरुणांना. काश्यपसंहितेत तर धूपांचा स्वतंत्र अध्यायच आहे. तेव्हा धुरी ही आपल्याकडे उपरी गोष्ट नव्हती. पण ग्रंथातली हवेशीर खोली आणि घरातली बुजवलेली खोली यांत जे अंतर पडले, ते शास्त्राच्या खात्यावर टाकता येणार नाही. गरिबीने, थंडीने, दाटीने आणि विटाळाच्या कल्पनेने मिळून ती एक बाजूची हवा बंद केली.

आता कायद्याकडे वळू. धुरावर सरकारची नजर प्रथम पडली ती कलकत्त्यात. हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांनी राजधानीचे आकाश काळे केले, तेव्हा कर्झनच्या अमदानीत, १९०५ साली, बंगालचा धूर-उपद्रवाचा कायदा झाला. मुंबईचा कायदा १९१२ साली आला. त्याचाही रोख गिरण्या-कारखान्यांच्या धुराड्यांवर होता. बंगालच्या कायद्यातील 'भट्टी' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कोणत्याही कामासाठी पेटवलेली भट्टी किंवा चूल तीत येते. मात्र दोन अपवाद केले आहेत. एक, प्रेत जाळण्यासाठी पेटवलेला अग्नी. दुसरा, खासगी घरातील घरकामाची चूल. कायदा करणाऱ्यांनी हे दुष्टपणाने केले नाही. घरात शिरून चुली तपासणे त्या सरकारला परवडणारेही नव्हते आणि लोकांना रुचणारेही नव्हते. पण परिणाम ध्यानात घ्या. माणसाच्या जन्माच्या वेळचा धूर आणि मरणाच्या वेळचा धूर, दोन्ही कायद्याच्या नजरेबाहेर राहिले. मधल्या आयुष्यात रस्त्यावर जो धूर लागेल, तेवढ्याचीच दखल.

त्याच सुमारास दुसरीकडून डॉक्टर मंडळी या खोलीच्या दारापर्यंत येऊन पोचली होती. १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १९०३ साली सुइणींना शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. त्या निधीच्या वतीने १९१८ साली हिंदुस्थानातील बाळंतपणांच्या स्थितीविषयी डॉक्टरणींच्या आणि सुइणींच्या हकिकतींचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. कोंदट खोली आणि पेटती शेगडी त्यात आहेतच. पण या वाङ्मयाचा सूर बहुतेक एकच असे: दोष सुइणीचा, दोष रूढीचा. पुढे १९२७ साली कॅथरीन मेयोबाईंचे 'मदर इंडिया' निघाले आणि त्या खोलीचा प्रश्न राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला. मेयोबाईंचा हेतू स्वच्छ नव्हता, आणि त्यांना जी उत्तरे मिळाली ती मिळायलाच हवी होती. परंतु त्या वादाच्या गदारोळात खोलीतले मूल तसेच राहिले.

या सर्वांहून वेगळी अशी एक साक्ष मुंबईत, १९२२ साली, नोंदली गेली. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरणीबाईंना नेमले होते. त्यांचा अहवाल सरकारच्या 'लेबर गॅझेट' मासिकात छापला गेला. चाळीतली एक दुसऱ्या मजल्यावरची खोली त्यांनी पाहिली. लांबी-रुंदी सुमारे १५ फूट बाय १२ फूट. या खोलीत सहा कुटुंबे राहतात असे त्यांना सांगण्यात आले, आणि खात्रीसाठी दुसरा पुरावा शोधावा लागला नाही. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या. चौकशीत मोठी-लहान मिळून माणसे तीस निघाली. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. रात्री सहा चुलींच्या धुराने भरलेल्या त्या हवेत बाळंतपणाआधी आणि नंतर आईची व मुलाची प्रकृती ढासळल्याशिवाय राहणार नाही, असे बाईंनी स्पष्ट लिहिले. आणि अशा अनेक खोल्या आपण पाहिल्या, असेही नमूद केले.

माझ्या मते घरातील धुराच्या इतिहासात ही नोंद फार मोलाची आहे. ज्या बाईंनी ती केली त्या पायऱ्या चढून वर गेल्या, त्यांनी खोलीचे माप घेतले, चुली मोजल्या, माणसे मोजली, आणि मग धुराविषयी लिहिले. सहा चुली एका खोलीत कोणत्याही रूढीने मांडल्या नव्हत्या. त्या घरभाड्याने, गिरणीच्या मजुरीने आणि शहराच्या दाटीने मांडल्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या बायकांनी सुइणीचे ऐकणे सोडले असते, सगळी धुरी बंद केली असती, तरी शेजारच्या पाच चुलींचा धूर कोठे जाणार होता?

त्या काळच्या मुंबईत तान्ही मुले किती मरत होती? १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, कारण पुष्कळ जन्मांची नोंदच होत नसे. मृत्यूची कारणेही अनेक होती: हगवण, धनुर्वात, उपासमार, अफू. हे सगळे मृत्यू धुराच्या माथी मारणारा इतिहासकार खोटे बोलेल. पण छातीचे विकार त्या कारणांत होते, आणि छातीच्या विकाराला ती खोली पोषक होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

डॉ. बार्न्स यांच्या पाहणीनंतर काही वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ साली कायदा झाला. या कायद्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. गिरणीतल्या बाईला बाळंतपणासाठी पगाराचा आधार प्रथम त्यानेच दिला. मात्र इतिहासाने एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. गिरणीतून सुटी घेऊन ती बाई ज्या खोलीत येऊन निजली, ती खोली तीच होती. रजा मिळाली, हवा मिळाली नाही.

चुलीचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याच्या मगनवाडीतून धूर बाहेर नेणारी 'मगनचूल' निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर काम केले आणि कोट्यवधी लोकांच्या स्वयंपाकघरांतून धूर घालवण्याचा आराखडा १९५३ साली पुस्तकरूपाने मांडला. मातीच्याच चुलीला नळी बसवून धूर छपराबाहेर काढावयाचा, अशी ही साधी युक्ती. पुढे १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही झाला. चुली कोटींच्या संख्येने बसल्या. पण नळी काजळीने भरली की ती कोणी साफ करायची, चुलीला तडा गेला की कोणी लिंपायचे, कुडाच्या भिंतीत नळी कोठून काढायची, या प्रश्नांना त्या कार्यक्रमाजवळ उत्तर नव्हते. किती चुली बसवल्या याचा हिशेब ठेवला गेला. किती धूर कमी झाला याचा नाही.

आपल्याकडे हे चालले असताना, डिसेंबर १९५२ मध्ये, लंडनवर चार-पाच दिवस धुके बसले आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे चार हजार माणसे दगावली. १९५६ साली इंग्लंडने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि त्यात घरातल्या शेगड्यांनाही हात घातला. पण तो का घातला? घराघरांतल्या कोळशाचा धूर धुराड्यांतून बाहेर पडून रस्त्यावर आला होता म्हणून. आमच्या चुलींना धुराडेच नव्हते. आमचा धूर घरातच राहिला, आणि म्हणून त्याला कायदा मिळाला नाही.

हा धूर वैद्यकाच्या नजरेस आला तो बायकांच्या हृदयावरून. १९५९ साली दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती आणि त्यांचे सहकारी यांनी फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने हृदय निकामी झालेल्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा रोग मुख्यतः पुरुषांचा, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा. दिल्लीत मात्र बायकाही जवळजवळ पुरुषांइतक्याच निघाल्या, आणि त्यांतल्या फारच थोड्या धूम्रपान करीत. मग त्यांच्या छातीत गेला तो धूर कोणता? उत्तर स्वयंपाकघरात होते. १९६८ साली नायजेरियातील लागोस येथे डॉ. सोफोलुवे यांनी न्युमोनिया झालेल्या अर्भकांच्या घरांतील धुराची पाहणी प्रसिद्ध केली. कारण आई चुलीशी बसते तेव्हा मूल पाठीशी किंवा मांडीवर असते, हे आफ्रिकेतही खरे आणि भारतातही खरे. १९८० नंतर किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजणारी यंत्रे बांधली. चुलीपुढे बसलेली बाई जी हवा आत घेत होती तिच्या एका घनमीटरमध्ये सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम धूलिकण निघाले, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अतिसूक्ष्म कणांसाठी घालून दिलेली दिवसाची मर्यादा पंधरा मायक्रोग्रॅमची आहे. ही दोन मापे एका जातीची नाहीत, एकात सर्व कण आहेत आणि दुसऱ्यात फक्त अतिसूक्ष्म. तरीही अंतर किती आहे याची कल्पना यावी.

येथे कोणी विचारील की मोठ्यांनी जो धूर जन्मभर सोसला तो मुलाला एवढा का बाधावा? याचे उत्तर मुलाच्या श्वासात आहे. प्रौढ माणूस स्वस्थ असता मिनिटाला बारा ते सोळा-अठरा श्वास घेतो. नवजात मूल चाळीस ते साठ. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. त्याच्या श्वासनलिका इतक्या बारीक की थोडी सूज आली तरी वाट अडते. फुफ्फुसातले वायुकोश जन्मानंतरही वाढतच असतात. त्या वाढीच्या दिवसांतच धूर आत शिरतो. शिवाय निखाऱ्यांच्या शेगडीचा धोका धुरावरून ओळखताही येत नाही. कोळसा चांगला फुलला की धूर दिसेनासा होतो, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि पोटातल्या गर्भापर्यंतही पोचतो. दक्षिण भारतातील अकरा हजारांहून अधिक नवजात मुलांच्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, लाकूड-शेणीच्या धुरात जन्मलेल्या मुलांमध्ये कमी वजनाचे प्रमाण जवळजवळ दीडपट आढळले.

मग धूर काढला की मूल वाचते काय? हा प्रश्न प्रयोगानेच सोडवावा लागतो. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असलेली ५३४ घरे निवडून त्यांतील निम्म्यांना नळीची चूल दिली आणि निम्म्यांनी उघड्या विस्तवावरच स्वयंपाक केला. २०११ साली निष्कर्ष आले. नळीच्या चुलीने मुलांच्या वाट्याचा धूर सुमारे निम्मा झाला. साध्या न्युमोनियात घट दिसली तरी ती निर्विवाद म्हणता येईना. मात्र गंभीर न्युमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला. पुढे भारत, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि गॅस फुकट दिला. धूर सत्तरावरून चोवीस मायक्रोग्रॅमवर आला. पण २०२२ साली निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता; पुढे न्युमोनियातही पडला नाही. कोणी या निकालाने निराश होतील. मला त्यात डॉ. बार्न्स यांची खोली दिसते. गरोदरपणाचे कित्येक आठवडे उलटून गेल्यावर शेगडी बदलली. आईचे अन्न, घराची दाटी, शेजारची चूल होती तशीच राहिली. एकट्या चुलीला सगळा दोष देणे जितके चूक, तितकेच एकट्या चुलीकडून सगळी मुक्ती मागणे चूक.

मूल आजारी पडल्यावर काय करता येते, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींनाही बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन केले. श्वास वाजवीपेक्षा जलद चालला की न्युमोनिया ओळखायचा आणि गावातच औषध द्यायचे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाने न्युमोनियाचे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटतात हे दाखवले. ज्या सुइणीला १९१८ च्या पुस्तकाने आरोपी केले होते, तीच येथे मण्यांवर श्वास मोजत बसली.

आज आपण कोठे आहोत? १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि आठ कोटीव्या जोडणीचे पत्र सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिले गेले. जोडणी घरातल्या बाईच्या नावाने होते, ही गोष्ट लहान नाही. पण २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच भरली. पहिली टाकी मिळते. दुसरीचे पैसे जमेपर्यंत चूल पुन्हा पेटते. जोडण्यांचा हिशेब ठेवून स्वस्थ बसलो, तर सुधारित चुलींच्या वेळचीच चूक आपण पुन्हा करू. विचारायचे ते असे की या वर्षी त्या घरात किती टाक्या आल्या, आणि बाळंतीण निजते त्या खोलीत धूर किती.

गॅसवाल्या पांढरपेशा घरांनीही फार निश्चिंत होऊ नये. न्हाऊ घातलेल्या बाळाला ऊद-ओव्याची धुरी देणे अजून चालते. डास पळवण्यासाठी पाळण्याखाली जळती अगरबत्ती ठेवतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डास पळवण्याच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि उबेचे काय? सुईण ज्या थंडीला भीत होती ती खरी होती. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली, काचपेट्या पुरेनात म्हणून, डॉ. एडगर रे यांनी अशक्त मुलांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ती पद्धत मान्य झाली आहे. ऊब द्यायला विस्तवच लागतो असे नाही. आईचे अंग पुरते, आणि त्याला धूर नाही.

धूर नेहमीच दिसत होता. मोजला गेला तो फार उशिरा. रस्त्यावर आला तेव्हा त्याला कायदा मिळाला, कारण रस्त्यावर चालणारे लोक कायदे करणारे होते. खोलीत राहिला तोवर तो घरगुती गोष्ट ठरला, कारण खोलीत एक बाळंतीण आणि एक मूल होते, आणि दोघांनाही कायदेमंडळात आवाज नव्हता. जो कोणी त्या खोलीत जाऊन चुली मोजील, हवा मोजील, श्वास मोजील, त्याच्यामुळे हा इतिहास एक पाऊल पुढे सरकला आहे. मुंबईच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत १९२२ साली तीन बायकांचे दिवस भरत आले होते. त्यांची मुले जगली की नाही याची नोंद नाही. यापुढे जन्मणाऱ्यांची असावी, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.